गर्दचा कायदा आणि गरिबाची वस्ती

'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' असे भारदस्त नाव धारण करणारा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी देशात अमलात आला. न्यायालयात आणि वृत्तपत्रांत तो 'एनडीपीएस' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. गेल्या चार दशकांत या कायद्याचे मूल्यमापन झाले ते किलोंच्या आणि कोटींच्या भाषेत. अमुक इतका माल पकडला, बाजारात त्याची किंमत तमुक इतकी, एवढे आरोपी गजाआड, ही वार्ता ठरावीक साच्यात छापून येते आणि वाचक पुढच्या पानाकडे वळतो. ज्या वस्तीत हा कायदा प्रत्यक्ष राबविला जातो, तेथील कुटुंबांची मिळकत, मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने आणि शेजाऱ्यांचा परस्परविश्वास यांवर त्याचा काय परिणाम झाला, याचा हिशेब मात्र सरकारी अहवालांत सहसा आढळत नाही. प्रत्येक कायद्याला खर्च असतो. तो कोणाच्या पदरी पडतो, हे पाहिल्याशिवाय कायदा लाभाचा की तोट्याचा हे सांगता येत नाही.

हा कायदा अकारण झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यापूर्वी अफूसंबंधीचे १८५७ व १८७८ चे कायदे आणि १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा यांवर काम भागत असे, आणि त्यांत जास्तीत जास्त तीन वर्षांची, गुन्हा पुन्हा केल्यास चार वर्षांची कैद होती. गांजा-भांगेच्या प्रश्नाचा तर इंग्रज सरकारने १८९३-९४ साली आयोग नेमून, हजारावर साक्षी नोंदवून विचार केला होता, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र भारताने १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. गांजाचा औषधेतर वापर थांबविण्यासाठी त्या करारात २५ वर्षांची मुदत होती, ती संपत आली होती. दुसरीकडे, १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांचा प्रवेश यांनंतर पश्चिमेकडील हेरॉइनचे जुने मार्ग बदलले आणि मुंबई हे त्याचे एक मोठे नाके बनले. चिलीम ओढणारा म्हातारा मुंबईने पूर्वी पाहिला होता. पन्नीवर भुकटी ठेवून, खाली काडी पेटवून, तिचा धूर ओढणारा अठरा वर्षांचा मुलगा तिने १९८० नंतर पाहिला. या भुकटीला 'गर्द' आणि तिच्या आहारी गेलेल्याला 'गर्दुल्ला' हे शब्द त्याच काळात मराठीत रुळले. अनिल अवचट यांच्या 'गर्द'ने मध्यमवर्गाला या जगाची ओळख करून दिली. समाज घाबरला होता. त्या भीतीच्या वातावरणातच नवा कायदा जन्मला, आणि घाबरलेल्या समाजाने केलेले कायदे बहुधा जसे असतात तसाच तो झाला.

दहा वर्षे आणि पाव ग्रॅम

मूळ कायद्यात गर्दसारख्या पदार्थासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होता. न्यायाधीशाला यापेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा नव्हती. पदार्थ स्वतःच्या सेवनासाठी जवळ बाळगला होता, असे आरोपीने सिद्ध केले तर शिक्षा एका वर्षावर येई. पण त्यासाठी वजन 'अल्प प्रमाणात' बसावे लागे, आणि हेरॉइनच्या बाबतीत हे अल्प प्रमाण २५० मिलिग्राम, म्हणजे पाव ग्रॅम होते. दिवसाला दोन-चार पुड्या लागणाऱ्या व्यसनी माणसाने दुसऱ्या दिवसाची बेगमी करून ठेवली, तर तो कायद्याच्या दृष्टीने व्यापारी ठरत असे. पुडी विकणारा, पुडी पोहोचविणारा आणि पुडी ओढणारा यांत तराजूला फरक कळत नाही. कायद्याने मात्र तो फरक तराजूवरच सोपविला.

१९८९ मध्ये या कायद्यात भर पडली. पुन्हा गुन्हा करणाऱ्यास काही प्रकरणांत फाशी बंधनकारक झाली, शिक्षा स्थगित करण्याचे व त्यात सूट देण्याचे मार्ग बंद झाले आणि कलम ३७ ने जामिनाची वाट जवळजवळ अडविली. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही, असे हे कलम सांगते. साक्षी नोंदविण्यापूर्वीच निर्दोषत्वाची खात्री कशी पटावी, हा प्रश्न तेव्हापासून वकिलांना पडला आहे.

याची फळे दिसायला पाच वर्षे पुरली. महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील तुरुंगांत या कायद्याखाली खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये निकाल लागला. खटले तुंबले होते, विशेष न्यायालये अपुरी होती. ज्याच्यावरील आरोपास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, त्याने पाच वर्षे तुरुंगात काढली असतील तर त्याला जामिनावर सोडावे, असा आदेश न्यायालयाने दिला. आदेश दयेचा होता, न्यायाचाही होता. अट मात्र एक लाख रुपयांच्या जामिनाची आणि तेवढ्याच रकमेच्या दोन जामीनदारांची होती. गिरणी संपानंतर रोजंदारीवर आलेल्या घरात १९९४ साली एक लाखाचा जामीनदार कोठून आणावा? जामीनदार होण्यास मालमत्तेचा कागद लागतो, आणि झोपडपट्टीत घर असते, पण त्याचा कागद नसतो. न्यायालयाने दार उघडले, तरी उंबरठा एवढा उंच राहिला की ज्यांच्यासाठी ते उघडले त्यांतील अनेकांना तो ओलांडता येणार नव्हता.

२००१ च्या दुरुस्तीने वजनाच्या पायऱ्या बदलल्या. हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम झाले, तर गांज्याचे अनुक्रमे १ किलो आणि २० किलो. शिक्षा प्रमाणशीर झाली, अनेकांना दिलासा मिळाला. पुढे २००९ च्या अधिसूचनेने मोजमाप शुद्ध पदार्थाचे न करता त्यात मिसळलेल्या भेसळीसकट करावयाचे ठरविले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. रस्त्यावरच्या पुडीत भेसळ अधिक असते, हे सांगण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. म्हणजे हलका, भेसळीचा माल घेणाऱ्या गरिबाच्या पुडीतली भेसळही त्याच्याच शिक्षेत जमा होते.

घरातला माणूस 'आत' गेल्यावर

कमावता माणूस अटकेत गेला की पहिल्या आठवड्यात रोजंदारी बुडते, दुसऱ्या आठवड्यात वकिलासाठी दागिना गहाण पडतो, आणि मग तारखा सुरू होतात. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात क्षमतेच्या तिप्पट-चौपट माणसे कोंबलेली असतात. तेथील मुलाखतीसाठी बायकोला कामावरची रजा काढावी लागते, आणि घरकामाच्या नोकरीत रजा म्हणजे पगारकपात. मोठा मुलगा शाळा सोडून हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये लागतो. कुटुंबाच्या अंदाजपत्रकात हा खर्च कोठेही 'शिक्षा' म्हणून लिहिलेला नसतो, आणि आरोपी पुढे निर्दोष सुटला तरी तो परत मिळत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, हे कच्चे कैदी होते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे हा खर्च किती घरांत पोहोचत असेल याची कल्पना येते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखाली सात वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून राहिलेल्या एका तरुणाला जामीन दिला. आरोपी दुर्बल आर्थिक थरातील असला तर कारावासाने उपजीविका तत्काळ बुडते, कुटुंबे विखुरतात आणि समाजाशी असलेले नाते तुटते, असा आशय न्यायमूर्तींनी त्या निकालपत्रात नमूद केला आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला बाह्य परिणाम म्हणतात. निकालपत्रातील शब्द अधिक माणसातले आहेत.

दीर्घ तुरुंगवासाची प्रकरणे निदान नजरेत भरतात. त्याहून कितीतरी अधिक संख्येने असणारी छोटी प्रकरणे कोणाच्याच नजरेत भरत नाहीत. कलम २७ नुसार अमली पदार्थाचे नुसते सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ व २०१८ या दोन वर्षांच्या प्रकरणांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतील जवळजवळ सर्व प्रकरणे सेवनाची आणि बहुसंख्य गांज्याची निघाली. पकडले गेलेले प्रामुख्याने रोजंदार आणि पदपथावर किंवा झोपडीत राहणारे होते. पोलीस ठाण्याला महिन्याचा आकडा दाखवावा लागतो, आणि पुलाखाली चिलीम ओढणाऱ्याला पकडणे हे बंदरातला कंटेनर उघडण्यापेक्षा सोपे असते. बंद दाराआड, वातानुकूलित सदनिकेत तेच सेवन करणारा त्या आकड्यात सहसा येत नाही.

अशा प्रकरणात आरोपीने गुन्हा कबूल केला की काही हजारांचा दंड भरून त्याच दिवशी सुटका होते. दोन-तीन वर्षे तारखांना हेलपाटे घालण्यापेक्षा कबुली स्वस्त पडते, हा हिशेब कोणीही शहाणा माणूस करील. मात्र त्या दिवशी त्याने खरोखर काय विकले, हे त्याला पुढे कळते. सुरक्षारक्षकाची नोकरी असो, बँकेतील शिपायाची असो वा पारपत्र असो, चारित्र्य पडताळणीचा कागद पोलिसांकडून येतो आणि त्यावर ती कबुली असते. कार्यालयात काम करणाऱ्या वाचकांना त्या एका ओळीचे वजन सांगावयास नको. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला सर्वांत अधिक गरज असते ती नियमित कामाची, आणि कायदा नेमका तोच आधार काढून घेतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रख्यात चित्रपट अभिनेत्याच्या मुलास याच कायद्याखाली अटक झाली. त्याच्याजवळ काहीही सापडले नव्हते. देशातील नामांकित वकील उभे राहूनही सुटकेस जवळजवळ चार आठवडे लागले, आणि मे २०२२ मध्ये तपास यंत्रणेनेच त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले. महिनाभर दूरचित्रवाणीवर दुसरा विषय नव्हता. ज्यांच्यामागे ना वकील, ना कॅमेरा, त्यांचे चार आठवडे चार वर्षांचे झाले तर नवल कसले?

बंदीचा बाजार

व्यसनी माणसाची मागणी किमतीने फारशी हलत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. धाडींमुळे पुडी महागली तर तो पुडी सोडीत नाही. घरातली भांडी विकतो, उधारी करतो, चोरी करतो आणि अखेर स्वतःच चार पुड्या विकून आपली एक पुडी सोडवितो. अशा रीतीने कडक अंमलबजावणी ग्राहकालाच विक्रेता बनविते. दुसरे असे की, जेथे पकडले जाण्याचा धोका असतो तेथे कमी जागेत अधिक नशा देणारा माल व्यापाऱ्याला परवडतो. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडी मागे पडून हातभट्टी पुढे आली, ती याच न्यायाने. त्या धंद्याने धारावी-अँटॉप हिलच्या भागात वरदराजन मुदलियारसारखे 'भाई' उभे केले आणि 'आंटी'चे गुत्ते गल्लोगल्ली नेले. १९६० नंतर शासनाने परवान्यांची सोय करून तो कायदा बराच सैल केला. पण तोवर धंद्याची घडी बसली होती, आणि ती पुढे इतर धंद्यांना उपयोगी पडली.

अमली पदार्थांतही तेच घडले. गर्द दुर्मीळ झाली तेव्हा अनेक शहरांतील व्यसनी औषधांच्या दुकानांतील सुयांकडे वळले, आणि त्या सुया एकमेकांत फिरल्या. मणिपुरात १९८९-९० च्या सुमारास सुईवाटे हेरॉइन घेणाऱ्यांत एड्सच्या विषाणूची लागण काही महिन्यांतच जवळजवळ निम्म्यांपर्यंत पोहोचली. अटकेच्या भीतीने दवाखान्यापासून दूर राहणारा रुग्ण आपल्या पत्नीलाही तो रोग देतो, आणि तिने तर कायदा कधी मोडलेलाच नसतो. आता महाराष्ट्रात मेफेड्रोन, म्हणजे बोलीतले 'एमडी', आले आहे. ते २०१५ साली कायद्याच्या यादीत समाविष्ट झाले, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात त्याचे साठे सापडलेच. त्यासाठी खसखशीचे शेत लागत नाही, सीमा ओलांडावी लागत नाही. रसायनशास्त्राचा एक जाणकार आणि एक पत्र्याची शेड पुरते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेतील मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेल्या कंटेनरांतून सुमारे ३,००० किलो हेरॉइन जप्त झाले. अल्प प्रमाणाच्या पाच ग्रॅमचा हिशेब लावला, तर एवढा माल पकडण्यासाठी सहा लाख माणसांच्या झडत्या घ्याव्या लागल्या असत्या! यंत्रणेचे मनुष्यबळ कोठे खर्च व्हावे, यासंबंधी याहून बोलके गणित नाही. तरीही २०२२ साली देशभरात या कायद्याखाली एक लाखावर गुन्हे नोंदले गेले आणि त्यांत केरळ, महाराष्ट्र व पंजाब ही राज्ये आघाडीवर होती.

गावाकडची बाजूही विसरता कामा नये. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, गांज्याच्या शेतीवर वारंवार धाडी पडतात. झाडे उपटली जातात आणि शेत कसणाऱ्या आदिवासींवर गुन्हा दाखल होतो. लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिला अल्प प्रमाणाची पायरी नाही. बी आणि आगाऊ रक्कम देणारा, पीक उचलून नेणारा दलाल त्या शेतावर उभा नसतो. कोरडवाहू जमिनीत मका-ज्वारी पिकवून काय हाती लागते, हा प्रश्न पंचनाम्यात लिहिण्याची पद्धत नाही. याउलट, त्याच झाडाची पाने म्हणजे भांग कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे, आणि काही राज्यांत ती परवानाधारक दुकानांत मिळते.

कायद्याच्या कडकपणाची सर्वांत क्रूर किंमत मात्र ज्यांनी कधी नशा केली नाही त्यांनी मोजली. मॉर्फिन हे कर्करुग्णाच्या वेदनेवरचे स्वस्त आणि खात्रीचे औषध. १९८५ नंतर ते ठेवण्यासाठी एकामागून एक परवाने लागू लागले, कागदातील चुकीलाही दहा वर्षांच्या शिक्षेची धास्ती आली, आणि रुग्णालयांनी, औषध विक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडून दिले. १९९७ साली देशातील मॉर्फिनचा वापर अवघ्या १८ किलोंवर आला होता. नीमच, मंदसौर, चितोड या भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि जगाला औषधासाठी पुरविली जाते. त्याच देशात रुग्ण वेदनेने ओरडत मरत होते. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर २०१४ मध्ये 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा वेगळा वर्ग करून नियम सोपे करण्यात आले. मधल्या एकोणतीस वर्षांतील रुग्णांची मोजदाद कोठेही नाही.

आता दुसरी बाजू. धाडी घाला, अड्डे उठवा, ही मागणी सर्वांत मोठ्या आवाजात करतात त्या वस्तीतल्या बायकाच. शहरातील विचारवंतांनी त्यांना सहिष्णुतेचे धडे द्यावेत हे शोभणारे नाही. नळावर जाताना गुत्त्यावरून त्यांनाच जावे लागते, मार त्यांनाच खावा लागतो. महाराष्ट्रात मतदानाने बाटली आडवी करण्याचा अधिकार स्त्रियांनी झगडून मिळविला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली तीही स्त्रियांच्या आंदोलनातून, आणि मे २०२१ मध्ये ती उठविण्याचा निर्णय शासनाने घेतला तेव्हा अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे ही कारणे देण्यात आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण त्या बायकांची मागणी नीट ऐकली, तर असे दिसते की त्यांना अड्डा उठायला हवा असतो, विकणारा जायला हवा असतो. आपला मुलगा दहा वर्षे आत जावा, असे कोणतीही आई म्हणत नाही. मुलगा बरा होऊन घरी यावा, असे ती म्हणते. यंत्रणा तिच्या मागणीचा पहिला भाग ऐकते आणि शिक्षा मात्र तिच्याच घराला देते.

परदेशांचे दाखले थोडक्यात पुरेत. अमेरिकेने १९८६ च्या कायद्यात काळ्या वस्त्यांत चालणाऱ्या 'क्रॅक'च्या ५ ग्रॅमला आणि भुकटीच्या कोकेनच्या ५०० ग्रॅमला एकच किमान शिक्षा ठेवली, आणि एका पिढीचे बाप तुरुंगात गेले. हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आणण्यास २०१० साल उजाडावे लागले. पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांच्या सेवनापुरता पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे सोडले आणि अशा माणसाला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या मंडळापुढे नेण्यास सुरुवात केली. व्यापार मात्र तेथेही गुन्हाच आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सेवनापुरता पदार्थ बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळविण्याची सूचना केल्याच्या बातम्या आल्या होत्या.

वस्तुतः त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी आरोपीला खटल्यातून मुक्त ठेवण्याची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे. दोषी ठरलेल्याला तुरुंगाऐवजी उपचारास पाठविण्याची कलम ३९ मध्ये आहे. त्यांचा उपयोग फारच थोडा होतो, कारण कबुली देणाऱ्या हमालाला त्या कलमांचे नाव कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी मान्यताप्राप्त केंद्रात खाट मिळेलच याची शाश्वती नसते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांपायी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात होते, आणि अवैध द्रव्यांच्या विळख्यात सापडलेल्या दर वीस जणांतील केवळ एकाला दाखल होऊन उपचार मिळाले होते. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे कायदा आल्यावर वर्षभराच्या आत, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. ते लेखकांच्या आणि डॉक्टरांच्या पुढाकाराने उभे राहिले.

कायद्याच्या कलम ७१ मध्ये व्यसनींसाठी केंद्रे काढण्याचा विषय आहे. शासनास योग्य वाटतील तितकी केंद्रे ते स्थापन करू शकेल, असे त्या कलमाचे शब्द आहेत. दहा वर्षांच्या कलमांत मात्र 'शकेल' हा शब्द नाही.